पाटीसारखी पुसता येणारी चिप

कुहीचे नाव निघाले की नागपूरकरांना आधी मिरची आठवते. लालभडक सातरे, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागा, तिथे ओळीने बसून देठ खुडणाऱ्या बाया, आणि नुसत्या रस्त्याने जाणाऱ्यालाही लागणारा ठसका. भाविकांना वैनगंगेकाठचा आंभोरा आठवतो. मराठीच्या अभ्यासकांना मुकुंदराज आठवतात, कारण ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ आंभोऱ्यालाच रचला गेला अशी आपल्याकडची परंपरा आहे. रेल्वेचे वेड असलेल्यांना कुहीवरून नागभीडला जाणारी छोटी गाडी आठवते. ती २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. मी आज जिच्याविषयी बोलणार आहे ती वस्तू मात्र कुहीच्या नावाबरोबर कोणालाच आठवणार नाही. पण ती कुहीच्या शिवारात आहे.

विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर बसवलेली, मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारी पेटी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. शेतीची वीज पाळीने रात्री येते, आणि एका बटणासाठी माणसाला अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने जावे लागते. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी यावर ‘नॅनो गणेश’ नावाचे यंत्र तयार केले. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. आता तशी यंत्रे बऱ्याच कंपन्या विकतात. अशा पेटीचे झाकण काढले तर सिमकार्डाच्या आसपास एक काळी आयसी दिसते. तिच्या पोटात अख्खा छोटा संगणक असतो. गणित करणारा भाग, आज्ञा साठवणारी स्मृती आणि बाहेरच्या तारांशी बोलणारे पाय, सारे एकाच तुकड्यावर. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. परिभाषाकोशात ‘सूक्ष्मनियंत्रक’ असा शब्द आहे, पण दुकानात जाऊन तो शब्द वापरला तर दुकानदार तोंडाकडे पाहत राहील.

ही चिप आपल्याकडे आली ती दुसऱ्या वस्तूंच्या पोटात बसून. टीव्हीच्या रिमोटमध्ये, वॉशिंग मशीनमध्ये, विजेच्या मीटरमध्ये. तिने काय करायचे हे दूरच्या कारखान्यातल्या कोणी तरी आधीच ठरवलेले होते. एखाद्या विद्यार्थ्याला तिच्यावर स्वतःच्या चार ओळी लिहून पाहता येतील, ही सोय व्हायला पुढची तीस-पस्तीस वर्षे गेली. इतका उशीर का झाला, त्याचीच ही गोष्ट आहे.

थोडे मागे जाऊ. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्तीचे एखादे दुकान हमखास असे. पत्र्याचे टपरीवजा दुकान, मागचे झाकण उघडलेला मर्फी किंवा बुश, आणि डाग देण्याच्या राळेचा वास. शाळेतून घरी जाणारे एखादे पोर तिथे रेंगाळे, मग हाताखाली बसू लागे आणि वर्षभरात स्वतः डाग देऊ लागे. चूक झाली तर एखादा रोधक जळायचा. त्याची किंमत काही पैसे. रागावण्यापलीकडे मालक फारसे काही करत नसे. आपल्या लहान गावांतले इलेक्ट्रॉनिक्स अशा जळालेल्या रोधकांवर वाढले असे मला वाटते. चिपने हा रस्ता बराच काळ बंद करून टाकला, आणि हे तिच्या इतिहासात फारसे कोणी सांगत नाही.

अमेरिकेच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत गॅरी बून आणि मायकेल कॉक्रन यांनी १९७१च्या सुमारास एका चिपवर संगणक बसवला. त्यातून निघालेली टीएमएस १००० ही चिप १९७४ मध्ये बाजारात आली. गणकयंत्रे, भट्ट्या, खेळणी यांत ती लाखोंनी गेली. सायमन नावाचा रंगीत दिव्यांचा खेळ १९७८ मध्ये निघाला, त्यातही तीच होती. घाऊक भावात ती स्वस्तही होती. अडचण एकच होती. तिच्यातल्या आज्ञा चिप घडवतानाच, छपाईच्या साच्यासारख्या, कारखान्यात कोरल्या जात. तुम्ही कार्यक्रम लिहून पाठवायचा, कारखाना साचा करणार आणि मग हजारोंच्या संख्येने चिपा येणार. एक ओळ चुकली तर सगळा माल कचऱ्यात. शिलालेखासारखा प्रकार होता तो. कारखानदाराला परवडे, पण विद्यार्थ्याला हजार चिपा घेऊन करायचे काय?

पुढे इंटेलची ८०५१ आली, १९८० मध्ये. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्या हिच्यावर पोसल्या गेल्या. चाळीस पायांची आयसी, चार किलोबाइट आज्ञास्मृती आणि कामापुरती १२८ बाइट स्मृती. १२८ बाइट म्हणजे किती, तर या भाषणातली एक-दोन वाक्येही तिच्यात मावणार नाहीत. तिच्या एका बहिणीला, ८७५१ला, पाठीवर काचेची खिडकी होती. लिहिलेले खोडायचे तर त्या खिडकीवर अतिनील दिव्याचा प्रकाश पंधरा-वीस मिनिटे पाडायचा, मग पुन्हा लिहायचे. उजेडाने अक्षरे उडू नयेत म्हणून एरवी त्या खिडकीवर कागदी चिकटपट्टी लावलेली असे. खिडकीवाली चिप महाग, खोडण्याचा दिवा वेगळा, लिहिण्याचे यंत्र आणखी वेगळे. म्हणजे चूक सुधारता येऊ लागली होती, पण एकेका चुकीमागे वीस मिनिटे आणि एक प्रयोगशाळा लागत होती.

विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले ते ८०८५चे किट. ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर, म्हणजे चुलत घराणे. प्लास्टिकच्या डब्यात एक बोर्ड, त्यावर छोटी बटणे आणि लाल आकड्यांची पट्टी. किंमत काही हजारांत, त्यामुळे एका किटभोवती पाच-सहा जण. ज्यांनी १९८० ते २०१० या काळात कुठल्याही भारतीय महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकले त्यांना ‘३ई’ आणि ‘७६’ हे आकडे अजून आठवत असतील. पहिला म्हणजे रजिस्टरात संख्या भर, दुसरा म्हणजे थांब. हातात रमेश गावकरांचे जाडजूड पुस्तक. हे गावकर अमेरिकेत सिराक्यूजच्या ओनोंडागा कम्युनिटी कॉलेजात शिकवत. त्यांचे पुस्तक तिकडे १९८४ मध्ये निघाले आणि इकडे मुंबईच्या पेनराम प्रकाशनाने ते घरोघरी नेले. कम्युनिटी कॉलेज म्हणजे नोकरी करून शिकणाऱ्या साध्या मुलांचे दोन वर्षांचे महाविद्यालय. ते पुस्तक इतके समजण्याजोगे का आहे, याचे एक कारण मला यात दिसते. समोर कोण बसले आहे हे लेखकाला ठाऊक होते.

पण किटची एक खोड होती. वीज गेली की टाइप केलेला सगळा कार्यक्रम उडत असे. भारनियमनाच्या दिवसांत याचा अर्थ काय, हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायला नको. पाऊण तास आकडे बडवावेत, आणि ‘एक्झिक्युट’चे बटण दाबायच्या आधी दिवे जावेत! तास संपला की किट कपाटात आणि किल्ली प्रयोगशाळा सहायकाच्या खिशात. घरी जाऊन दोन ओळी बदलून पाहू, हा विचारच करता येत नव्हता.

शाळांतही एक प्रयोग झाला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना आणली आणि सुरुवातीला अडीचशेच्या आसपास शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे हे यंत्र मोठे गुणी होते, त्याला बाहेरून तारा जोडून दिवे, मोटारी चालवता येत. आपल्याकडच्या संगणकाच्या खोल्या आठवतात का? चपला बाहेर काढायच्या, पडदे लावलेले, यंत्रांवर अभ्रे. देवघरच जणू. जिथे बोट लावायची भीती वाटते तिथे मूल काय शिकणार? त्याच एकॉर्न कंपनीने १९८५ मध्ये एआरएम नावाचा प्रोसेसर घडवला, आणि आज जगातल्या अगणित मायक्रोकंट्रोलरांच्या आत त्याच वंशाचा गाभा आहे. देवघरातला देव असा नंतर शेताच्या पेटीत येऊन बसला.

दार पुन्हा उघडले ते १९९०नंतर. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात फ्लॅश स्मृती शोधली होती. कॅमेऱ्याचा फ्लॅश पडावा तशी ती क्षणात पुसता येते, म्हणून ते नाव. १९९३ मध्ये ॲटमेल कंपनीने ही स्मृती ८०५१मध्ये घालून ८९सी५१ ही चिप काढली. त्याच सुमारास मायक्रोचिप कंपनीची १६सी८४ आली, तीही विजेने पुसता येणारी. खिडकी गेली, दिवा गेला, वीस मिनिटे गेली. एकाच चिपवर हजार वेळा लिहा आणि पुसा. शिलालेखाची पाटी झाली, असे म्हटले तर फार वावगे होणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ही चिप पुढे शंभर रुपयांच्या आत मिळू लागली. १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या दिल्लीच्या मासिकात तिच्यावर बेतलेले घड्याळ, कुलूप, पाण्याच्या टाकीचा इशारा असे प्रकल्प छापून येऊ लागले आणि अंतिम वर्षाची मुले तेच प्रकल्प नाव बदलून सादर करू लागली. हसू नका, त्यातूनही पुष्कळ जण शिकले. चिपवर लिहिण्याच्या यंत्राचे पैसे वाचवायला मुलांनी प्रिंटरच्या सॉकेटला चार रोधक आणि तारा जोडून घरगुती केबल बनवल्या. जळालेला रोधक असा वीस वर्षांनी परत आला.

तरीही हे सगळे इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांपुरते होते. तो उंबरठा ओलांडला गेला इटलीतल्या इव्रेआ गावात. एकेकाळी ऑलिव्हेट्टी टंकलेखन यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात डिझाइन शिकवणारी एक संस्था होती. तिथल्या विद्यार्थ्यांना ओमचा नियमही धड ठाऊक नसे. त्यांना वापरायला दिला जाणारा बेसिक स्टॅम्प हा बोर्ड पन्नास डॉलरच्या घरात पडे. एर्नांदो बार्रागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने २००३ मध्ये आपल्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाची सोपी पद्धत तयार केली. तिच्यावरून २००५ मध्ये मास्सिमो बान्झी, डेव्हिड क्वार्तिएलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक स्वस्त बोर्ड काढला आणि गावातल्या आपल्या नेहमीच्या बारचे नाव त्याला दिले, अर्डुइनो. अर्डुइन हा इव्रेआचा सरदार, इ. स. १००२ मध्ये इटलीचा राजा झालेला. बार्रागानचे श्रेय या कथेत बहुतेक वेळा गाळले जाते, म्हणून मी ते मुद्दाम सांगितले.

अर्डुइनोत नवी चिप नव्हती. नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममध्ये बोगेन आणि वोल्लान या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघालेली, ॲटमेलने बाजारात आणलेली एव्हीआर चिपच त्यात होती. नवे होते ते हे की लिहिण्याचे वेगळे यंत्र लागत नाही, आणि बोर्डाचा आराखडा कोणीही उतरवून घेऊ शकतो. राखून ठेवले होते ते फक्त नाव. त्यामुळे मूळ बोर्ड दीड-दोन हजारांचा असताना त्याच्या नकला आपल्याकडे काहीशे रुपयांत मिळू लागल्या, आणि त्या चोरीच्या नव्हत्या. पुढे २०२५च्या ऑक्टोबरमध्ये क्वालकॉम या अमेरिकी कंपनीने अर्डुइनो विकत घेत असल्याचे जाहीर केले, पण बाहेर पडलेले जुने आराखडे आता कोणी परत नेऊ शकत नाही.

त्यानंतर किमतीची घसरगुंडीच सुरू झाली. २०१० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने लाँचपॅड हा बोर्ड काढला आणि तो ४ डॉलर ३० सेंटला विकला. त्यातल्या चिपच्या मालिकेचे नाव एमएसपी ४३०, म्हणून किंमतही तीच! त्या वेळच्या हिशेबाने दोनशे रुपये. ज्या कंपनीच्या पहिल्या चिपा हजारांनी घ्याव्या लागत, ती आता एकट्या विद्यार्थ्याला एक बोर्ड देत होती. अर्थात हा परोपकार नव्हता. आज जो मुलगा ज्या चिपवर शिकेल, उद्या अभियंता झाल्यावर तीच तो मागवेल, हा त्यामागचा व्यापार. २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची वायफाय असलेली ईएसपी ८२६६ आली, २०२१ मध्ये चार डॉलरचा रास्पबेरी पाय पिको आला. पुण्यात मुख्यालय असलेल्या आपल्या सी-डॅकनेही ‘वेगा’ प्रोसेसरवर बेतलेली थेजस-३२ ही चिप आणि तिचा एरीज बोर्ड काढला आहे.

म्हणजे काम झाले का? मला तसे वाटत नाही. किंमत उतरल्याने चिप हातात येते, पण तिच्याकडून काय करून घ्यायचे हे किंमत सांगत नाही. त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जाऊन यावे. मस्तानीची कबर असलेले हे अवर्षणी गाव. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी निवृत्तीनंतर १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सुटलेली मुले हे त्यांचे विद्यार्थी. त्यांना आधी पुस्तक द्यायचे नाही, काम द्यायचे. गवंडीकाम, जोडकाम, वायरिंग, शेती. पुस्तक काम अडले की उघडायचे. तिथे जमिनीखालचे पाणी शोधण्यासाठी भूरोध मोजणारे स्वस्त यंत्र तयार झाले, आणि जुन्या जीपच्या भागांपासून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टरही.

अमेरिकेतल्या एमआयटी या विख्यात संस्थेत नील गेर्शेनफेल्ड हे प्राध्यापक तेव्हा ‘फॅब लॅब’ची कल्पना मांडत होते. छोटी संगणकचालित यंत्रे, त्यावर स्वतःच सर्किट कोरायचे, स्वतःच मायक्रोकंट्रोलर लावायचा, स्वतःच त्यात आज्ञा भरायच्या. एमआयटीच्या बाहेरची पहिली अशी प्रयोगशाळा २००२ मध्ये सुरू झाली ती पाबळला. बोस्टनच्या शेजारचे एखादे श्रीमंत उपनगर त्यासाठी निवडले गेले नाही, शिरूर तालुक्यातले कोरडे खेडे निवडले गेले. कारण तिथे प्रश्न तयार होते. डेअरीत दुधाची प्रत झटपट कशी मोजायची? डिझेल इंजिनाचे टायमिंग बिघडले आहे हे ओळखायचे साधन गावात कसे बनवायचे? ही साधने बाजारात होतीच, पण गावाला परवडतील अशी नव्हती. गेर्शेनफेल्ड यांनी २००५च्या आपल्या ‘फॅब’ या पुस्तकात कलबागांविषयी लिहिले आहे. कलबाग मात्र तोवर गेले होते, २००३च्या जुलैमध्ये. अर्डुइनोचा जन्म व्हायचा होता, लाँचपॅड यायला सात वर्षे होती. मायक्रोकंट्रोलर स्वस्त होण्याआधीच पाबळच्या मुलांना तो कशासाठी हवा हे कळलेले होते.

आता सरकारी योजनाही आहेत. २०१६ पासून नीती आयोग शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान देतो. दहा हजार शाळांचा टप्पा ओलांडला गेला, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत आणखी पन्नास हजार सरकारी शाळांची घोषणा झाली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी ही खोली, तिच्यात अर्डुइनोसारखे बोर्ड, संवेदक, मोटारी. योजना चांगलीच आहे. मला काळजी वाटते ती कपाटाच्या किल्लीची. वस्तू साठा-नोंदवहीत चढली की ती जळू नये ही मुख्याध्यापकांची जबाबदारी होते, आणि जळू नये म्हणून ती वापरू न देणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. तीनशे रुपयांचा बोर्ड मुलांच्या हातून जळणार हे गृहीत धरून तेवढा खर्च नोंदवहीत आधीच मांडायला हवा. असा साधा नियम जिथे होईल तिथे प्रयोगशाळा चालेल.

कुहीच्या एखाद्या मुलाला आज काय लागते? काहीशे रुपयांचा बोर्ड, यूएसबी केबल, उधारीवर मिळालेला जुना लॅपटॉप. नागपूर गाठायला नॅरोगेजची वाट पाहावी लागत नाही, माल कुरिअरने येतो. आणि प्रश्न? सातऱ्यावरची मिरची वाळून आत किती ओल राहिली हे आजही हाताने दाबून, खुळखुळवून पाहतात. ओल राहिली तर बुरशी येते, जास्त वाळली तर वजन जाते, आणि दोन्हीत भाव पडतो. ओल आणि तापमान सांगणारा संवेदक शंभर-दोनशे रुपयांना मिळतो. तो उघड्यावरच्या ढिगात नीट चालेल का, तिखटाच्या धुळीत किती दिवस टिकेल, हे मुंबईत बसून कोणाला सांगता येणार नाही. करूनच पाहावे लागेल.

अडेल ते बहुधा भाषेपाशी. आज्ञा इंग्रजीत, आणि अर्धविराम राहिला तर संगणक रागावतो तेही इंग्रजीत. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाने संगणकाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलून ठेवले आहेत, ते फुकट आहेत, आणि अर्डुइनोचेही पाठ त्या प्रकल्पात आहेत. आणखी एक सोय फारशी कोणाला माहीत नसते. अर्डुइनोच्या कार्यक्रमात दोन तिरप्या रेघा ओढून पुढे टीप लिहिता येते. संगणक ती ओळ सोडून देतो, त्यामुळे ती देवनागरीतही चालते. ‘इथे मोटर बंद होते’, ‘ही संख्या बाबांना विचारून घातली’, असे काहीही.